मास्तरांचं टपाल: एका कोंबड्यात दहा आकडे

या महिन्यात नऊ पत्रं आली. पाच जणांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षेची तारीख विचारली आहे. मी निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तारीख शाळेत विचारा. उरलेली चार पत्रं खाली घेतली आहेत. पहिल्या पत्रानेच निम्मी जागा खाल्ली, पण पत्रच तसं आहे.

प्रश्न : मास्तर, माझा मुलगा बारावीला आहे. वर्षभर तो काळ्या जेल पेनाने कागदभर वेटोळी, डोळे, जाळ्या काढतो आणि त्यात झगझगीत गुलाबी-पोपटी रंग भरतो. म्हणतो, याला सायकेडेलिक म्हणतात. मी मोबाइलवर तो शब्द शोधला तर नशेच्याच गोष्टी आल्या. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. त्यात दुसरं. सासरे ७१ वर्षांचे. कंपवाताच्या गोळ्या चालू आहेत, बाकी तब्येत ठणठणीत. जन्मभर सुपारीपलीकडे व्यसन नाही. पण गेल्या दीड वर्षात आकडा लावायला लागलेत. नातवाचं चित्र खिडकीशी धरून त्यात आकडे शोधतात. गेल्या महिन्यात एकदा लागला. आता रोज सकाळी नातवाला 'आज काय काढलंस?' म्हणून विचारतात. मुलगा वैतागून दार लावून घेतो. त्यांनी दोन मुदतठेवी मोडल्याचं आम्हाला उशिरा कळलं. आधी कोणाकडे बघू?
(एक वाचक, कुडाळ)

उत्तर : ताई, आधी सासऱ्यांकडे. मुलाचं सोपं आहे, ते मागून सांगतो.

मी लालबागच्या चाळीत वाढलो. वडील गिरणीत साचेखात्यात होते. १९६७ साल असेल, मी सहावीत. रतन खत्रीचा मटका, म्हणजे आकड्यांचा जुगार, सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. रात्री नऊला पहिला आकडा फुटायचा, तो ओपन; बाराला दुसरा, तो क्लोज. नऊच्या सुमाराला आमच्या गॅलरीत जी शांतता पसरायची, ती गणपतीच्या आरतीलाही कधी पसरली नाही. मग खालच्या टपरीवरून कोणीतरी एकच शब्द ओरडायचं, 'सत्ता!' किंवा 'पंजा!', आणि चाळ पुन्हा श्वास घ्यायची.

लहान पोर निरागस, त्याच्या हातून देव आकडा देतो, असा तेव्हा समज होता. वेड्यांना विचारायचे, साधूंना विचारायचे, आणि ते हाताशी नसले की आम्हाला. दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकांनी मला पाटीवर 'येईल ते' काढायला सांगितलं. मला तेव्हा एकच गोष्ट बरी यायची, कोंबडा. काढला. काकांनी तुऱ्याचे दाते मोजले, पाच भरले. पंजा लावला. रात्री ओपनला शून्य आलं. उद्या कान उपटतात की काय म्हणून मी सकाळी जिन्यातच दबकलो होतो. तर काकांनी माझ्या हातावर पेपरमिंटच्या दोन गोळ्या ठेवल्या. म्हणाले, 'कट आला रे! चित्र बरोबर होतं, मीच वाचायला चुकलो.'

कट म्हणजे आकड्यात पाच मिळवायचे. एकाचा कट सहा, दोनाचा सात, तिनाचा आठ, चाराचा नऊ, पाचाचा शून्य. मटकेवाल्यांच्या गणितात आकडा आणि त्याचा कट ही भावंडं. एक गेला तर दुसरा मागून येतो, अशी श्रद्धा.

त्याच कोंबड्यावरून शेजारच्या खोलीतल्या एकाने तिर्री लावली होती. त्याने पायाची पुढची बोटं मोजली होती. त्यालाही वाटलं, आपणच चुकलो, तुरा बघायला हवा होता. कोंबड्याला दोष कोणीच दिला नाही.

पुढे शिक्षक झाल्यावर, चाळीस मुलांना वस्तुचित्र काढायला बसवून मी खिडकीशी उभा असताना, एक दिवस तो कोंबडा मला उलगडला. चोच एक. पाय दोन. पुढची बोटं तीन. शेपटीची पिसं मी चार काढायचो. तुऱ्याचे दाते पाच. आता प्रत्येकाचा कट धरा : सहा, सात, आठ, नऊ, शून्य. दहाच्या दहा आकडे एका कोंबड्यात. त्या रात्री खत्रीने कुठलंही पान काढलं असतं तरी माझा कोंबडा बरोबरच ठरणार होता आणि काका चुकीचेच.

कोंबड्याचं हे, तर तुमच्या मुलाच्या चित्राचं विचारू नका. वेटोळं कागद सरळ धरला तर सहा, उलटा धरला तर नऊ. शिवाय देवनागरी एकाचं आणि इंग्रजी नवाचं वळण जवळजवळ तेच. प्रत्येक डोळा शून्य. दोन डोळे एकाखाली एक आले की आठ. प्रत्येक आकडी दोन नाहीतर तीन. अशा चित्रात आकडा न सापडणं हीच अवघड गोष्ट आहे. माणसाचा मेंदू ढगात हत्ती बघतो, भिंतीच्या ओलीत चेहरा बघतो. संबंध नसलेल्या गोष्टींत संबंध दिसायला लागणं, याला क्लाउस कोनराड या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने १९५८ साली 'अपोफेनिया' असं नाव दिलं. त्याने ते गंभीर मनोविकाराच्या सुरुवातीबद्दल लिहिलं होतं; पण थोडी थोडी ती खोड आपल्या सगळ्यांना असते, आणि आकडा लावणाऱ्याला ती रोज नऊच्या सुमाराला असते.

चित्रात आकडा खरंच लपवलेला असतो तेव्हा काय होतं, तेही सांगतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ठिपक्यांच्या रंगीत पाट्या असतात, रंगांधळेपणा तपासायला. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरने त्या १९१७ मध्ये काढल्या. रंग नीट दिसणाऱ्या शंभर माणसांना त्यातली एक पाटी दाखवा, शंभर जण एकच आकडा सांगतील. तुम्ही हेच घरी करा. मुलाचं एक चित्र सासऱ्यांना द्या. त्याचीच झेरॉक्स त्यांच्या आकडा लावणाऱ्या एखाद्या मित्राला वेगळी द्या. दोघांनी न बोलता एकेक आकडा कागदावर लिहायचा. मग कागद शेजारी ठेवायचे. तुम्ही काही बोलू नका, चहा ठेवा.

एवढ्याने भागलं नाही तर वही घाला. पन्नास दिवस, एकही पैसा न लावता. संध्याकाळी सातच्या आत सासऱ्यांनी एकच आकडा लिहायचा आणि खाली सही करायची. कट चालणार नाही, 'मनात हाच होता' चालणार नाही. नुसत्या नशिबावर पन्नासात पाच वेळा लागेल. सहा-सात वेळाही लागेल कदाचित, तेवढं इकडेतिकडे होतंच. पण रोज रुपया लावला असता, तर नऊपट भावाने पन्नास रुपये लावून पंचेचाळीस परत, हा त्या वहीचा नेहमीचा ताळेबंद. आज त्यांना लागलेला एक दिवस आठवतो, कारण न लागलेले दिवस कोणी लिहून ठेवलेले नाहीत.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या अर्ध्या ओळीपाशी मी थबकलो, ती. 'कंपवाताच्या गोळ्या चालू आहेत.' मी डॉक्टर नाही, ड्रॉइंग मास्तर आहे. पण कंपवातावरची काही औषधं, विशेषतः प्रॅमिपेक्सॉल आणि रोपिनिरॉल या जातीची, काही माणसांत जुगाराची, खरेदीची, खाण्याची अनावर ओढ निर्माण करतात. हे वैद्यकात माहीत असलेलं आहे, औषधाच्या माहितीपत्रकातही छापलेलं असतं. जन्मभर सुपारीवर राहिलेला माणूस सत्तरीत आकडा लावायला लागतो, तेव्हा गोळ्या कधी सुरू झाल्या आणि आकडा कधी, या दोन तारखा शेजारी लिहून बघा. औषधाचं पाकीट घेऊन मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे जा आणि जुगाराचं स्पष्ट सांगा. घरची माणसं लाजेने हीच गोष्ट गाळतात. गोळ्या तुम्ही स्वतःहून बंद करू नका. एकदम थांबवल्याने त्रास होतो, मात्रा डॉक्टरच कमी करतील किंवा औषध बदलतील. तोवर सासऱ्यांना वाईट माणूस ठरवू नका. उरलेल्या ठेवींचं त्यांच्याशी बसून, त्यांच्या संमतीने, दोघांच्या सहीशिवाय मोडणार नाहीत असं करून घ्या. मन मोकळं करायला कोणी हवं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आणि मुलगा. 'सायकेडेलिक' हा शब्द हम्फ्री ऑस्मंड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने पन्नाशीच्या दशकात घडवला, दोन ग्रीक शब्द जोडून. अर्थ साधारण 'मन उघडं करून दाखवणारं'. शब्द औषधांसाठीच होता, त्यामुळे मोबाइलने तुम्हाला खोटं सांगितलं नाही. पण चित्राची ही तऱ्हा पुढे स्वतंत्र झाली. १९६६-६७ च्या सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोत गाण्याच्या कार्यक्रमांची पोस्टरं या पद्धतीने निघाली. अक्षरं वितळल्यासारखी, रंग डोळ्याला झोंबणारे. वेस विल्सन, व्हिक्टर मॉस्कोसो ही त्यातली नावं. मॉस्कोसो तर येल विद्यापीठात जोसेफ आल्बर्स या रंगशास्त्राच्या मोठ्या शिक्षकाच्या हाताखाली शिकलेला. लाल आणि हिरवा सारख्याच तेजाचे घेऊन शेजारी ठेवले की कडा थरथरते. शिक्षक सांगतात, हे टाळा. त्याने तेच मुद्दाम केलं. त्यासाठी नशा लागत नाही, रंगचक्र पाठ लागतं.

आकारांचंही तसंच. हाइनरिश क्लूव्हर या संशोधकाने १९२० च्या दशकात मेस्कलीन हे भास घडवणारं द्रव्य घेतलेल्यांना काय दिसतं ते तपासलं आणि चार घराणी काढली : जाळी, कोळिष्टक, बोगदा, वेटोळं. गंमत म्हणजे हेच आकार अर्धशिशीच्या आधीही काहींना दिसतात. डोळे मिटून तळव्यांनी हलकेच दाबले तरी अंधारात जाळी हलायला लागते (फार दाबू नका, आणि डोळ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी करूच नका). ही आपल्या डोळ्या-मेंदूच्या जोडणीची नक्षी आहे. वारली चित्रात तारप्याभोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं आठवा, ठिपक्यांची रांगोळी आठवा. तुमच्या कुडाळपासून गोव्यातलं हणजूण काही लांब नाही. तिथल्या किनाऱ्यावर सत्तरच्या दशकापासून परदेशी हिप्पींसोबत ही झगझगीत चित्रं आली, आणि नशाही आली, हे खरं. म्हणून मुलाला एकदा सरळ विचारा. झोप, जेवण, मित्र, पैसे यांत काही बदललं आहे का ते बघा. नसेल तर चित्रावरून चौकशी बंद करा. त्याने दार लावलं ते नशेसाठी नव्हे, आजोबांसाठी लावलं असं तुमच्याच पत्रात आहे.

प्रश्न : आम्ही टोरांटोला असतो. गिरगावची खोली रिकामी करताना आजोबांच्या १९७० च्या आसपासच्या छोट्या डायऱ्या मिळाल्या. रोज एक नोंद : '३७९-९१-५६०' अशा थाटाची. कुठे 'ओ. २ रु.', कुठे 'जोडी १ रु.'. काही नोंदींशेजारी छोटी चित्रं, साप, होडी, दिवा, आणि 'स्वप्न' असा शब्द. आई म्हणते गिरणीचे हिशेब असतील. खरं काय?

उत्तर : आईंना हिशेबच वाटू द्यायचे असतील तर पुढचं त्यांना वाचून दाखवू नका. तो मटका आहे.

डावीकडचं ३७९ म्हणजे ओपनची पत्ती, किंवा पाना. तीन पानं काढायची, बेरीज करायची, शेवटचा आकडा घ्यायचा. तीन, सात, नऊ म्हणजे एकोणीस, म्हणून ओपन नऊ. उजवीकडचं ५६० हे क्लोज : अकरा, म्हणून एक. दोन्ही मिळून मधली जोडी ९१. शून्य नेहमी शेवटी लिहितात, त्याला दहा धरतात म्हणून. आजोबांचं अक्षर आणि बेरीज दोन्ही चोख आहे.

ही पानं काढण्याआधीची गोष्ट अजून मजेची. मुळात मुंबईत पैज लागायची ती न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद होत्या भावावर. भाव टेलिप्रिंटरवरून यायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले, कापसाचे. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून ते येणं बंद झालं. खेळणारे होते, लावणारे होते, फक्त आकडा नव्हता. १९६२ मध्ये कच्छहून आलेल्या कल्याणजी भगत यांनी वरळीत आकडा इथेच काढायला सुरुवात केली. १९६४ मध्ये रतन खत्रींनी नियम थोडे बदलून आपला वेगळा. चिठ्ठ्या मडक्यातून काढायचे म्हणून मटका. पुढे पत्ते आले तरी नाव मडक्याचंच राहिलं. ज्या शहराच्या गिरण्या कापसावर चालत, त्या शहराचा जुगारही कापसावरच सुरू झाला. माझे वडील दिवसा साच्यावर सूत बघायचे आणि पगाराच्या दिवशी, आईची नजर चुकवून, एक रुपयाची जोडी लावायचे.

भाव असे ऐकलेले : एका आकड्याला रुपयाला नऊ, जोडीला नव्वद. आकडे दहा, म्हणून दहा मिळायला हवेत, मिळतात नऊ. जोड्या शंभर, मिळतात नव्वद. म्हणजे दोन्हीकडे रुपयातले दहा पैसे खायवालाचे, म्हणजे पैज घेणाऱ्याचे. पत्तीत तो जास्त खातो. पत्त्या एकूण २२० : तिन्ही आकडे वेगळे अशा १२०, दोन सारखे अशा ९०, तिन्ही सारखे १०. तीन आकडे हजार तऱ्हांनी पडू शकतात. त्यात वेगळ्या आकड्यांची एखादी पत्ती सहा तऱ्हांनी येते, दोन सारख्यांची तीन, तिन्ही सारख्यांची एकाच. साध्या पत्तीला १४० चा भाव ऐकला आहे, म्हणजे हजार रुपयांमागे ८४० परत. दुहेरीला २८०, तेही ८४०. आणि '७७७'सारख्या पत्तीला ६००, म्हणजे हजारात सहाशेच परत. सगळ्यात मोठं बक्षीस दिसतं तिथे सगळ्यात मोठी कात्री. आमच्या चाळीत सगळ्यांचं स्वप्न मात्र तीच पत्ती.

चित्रांबद्दल. स्वप्नात साप दिसला तर अमुक आकडा, ही समजूत आपलीच नाही. इटलीत नेपल्सला तर 'स्मोर्फिया' म्हणून यादीच आहे, एक ते नव्वद : मेलेला माणूस सत्तेचाळीस, आणि बोलणारा मेलेला माणूस अठ्ठेचाळीस! ब्राझीलमध्ये १८९२ साली रिओच्या एका प्राणिसंग्रहालयाच्या मालकाने गर्दी जमावी म्हणून प्राण्यांच्या चित्रांवर सोडत सुरू केली. पंचवीस प्राणी, प्रत्येकाला चार आकडे. सोडत प्राणिसंग्रहालयाबाहेर पडली आणि बेकायदा असूनही आजवर टिकली. तुमच्या आजोबांचे साप आणि होड्या त्यांच्याच जातीचे.

डायऱ्या फेकू नका. शक्य असेल तर सापाच्या पानाचा फोटो पाठवा. साप किती वळणांचा काढला आहे आणि आजोबांनी काय लावलं, मला बघायचं आहे.

प्रश्न : सरकारची लॉटरी चालते, मग मटका खेळणारा गुन्हेगार का? दोन्ही नशीबच. आणि एखादा आकडा महिनाभर आलाच नसेल तर तो येण्याची शक्यता वाढते ना?
(इचलकरंजी)

उत्तर : महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून आहे. पण १९९८ च्या केंद्राच्या लॉटरी कायद्यात एक अट मुद्दाम घातली आहे : आधी जाहीर केलेल्या आकड्यावर किंवा नुसत्या एका अंकावर बक्षीस ठेवायचं नाही. म्हणजे मटक्याचा जो गाभा, एका आकड्यावर पैज, तोच सरकारी तिकिटाला बंद. मटक्यावर धाड पडते ती १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली. नीतीचा प्रश्न मला विचाराल तर दोन्हीकडे खेळणारा सरासरीने हरतो, आणि सरकारी तिकिटात जास्तच हरत असेल. पण तिथे निदान उधारीवर चिठ्ठी फाडत नाहीत.

दुसऱ्याचं उत्तर, नाही. मॉन्टे कार्लोच्या जुगारघरात १८ ऑगस्ट १९१३ ला रूलेटच्या लाल-काळ्या घरांच्या चाकावर काळा रंग लागोपाठ २६ वेळा आला. पंधराव्या वेळेनंतर माणसं लाल 'बाकी आहे' म्हणून पैसे ओतत गेली. चाकाला मागचं काही आठवत नव्हतं.

प्रश्न : मी कोल्हापूरला फाउंडेशनला आहे. सायकेडेलिक चित्रात फ्लोरोसंट पोस्टर रंग वापरतो. वर्गात मस्त दिसतात, फोटोत मरतात, आणि भिंतीवर लावलेलं चित्र वर्षात फिकं झालं. काय चुकतं?

उत्तर : तुझं काही चुकत नाही, रंगाची जात तशी. हे रंग अतिनील किरण पिऊन तोच उजेड दिसेल असा परत फेकतात, म्हणून कागदापेक्षा उजळ वाटतात. कॅमेऱ्याला आणि छपाईला ती पातळी गाठता येत नाही. आणि उन्हात ते लवकर उडतात, म्हणून खिडकीसमोरची भिंत सोड. खाली आधी पांढरा हात दे, नाहीतर पिवळट कागद त्यांचं पाणी काढतो. एक हात पातळ, वाळल्यावर दुसरा. सगळंच चित्र झगझगीत केलंस तर काहीच झगझगीत दिसणार नाही. तीन भाग मळका करडा, एक भाग फ्लोरोसंट, असं करून बघ. काळी रेघ रंग पूर्ण वाळल्यावर मार, जेल पेन ओल्या पोस्टर रंगावर फुटतं.

सही आणि तारीख कागदाच्या मागे घाल. पुढे आकडा दिसला की कोण काय लावेल सांगता येत नाही.